फँटसी फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये नवोदित रनिंग बॅक कसा निवडावा

ऐरोली, महापे आणि घणसोलीच्या आयटी पार्कांत अमेरिकी कंपन्यांचे काम करणाऱ्या मंडळींना ऑगस्ट महिन्यात बहुधा एक विचारणा होते : तिकडच्या सहकाऱ्यांच्या फँटसी फुटबॉल लीगमध्ये एक जागा रिकामी आहे, खेळणार का? हे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, अर्थात एनएफएल ही तिकडची व्यावसायिक लीग. क्रिकेटच्या फँटसी खेळात मुरलेला ठाण्याचा किंवा नवी मुंबईचा माणूस त्याचे नियम लवकर आत्मसात करतो आणि चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या नामांकित क्वार्टरबॅकची नावेही त्याच्या तोंडी पटकन बसतात. तो अडखळतो तो नवोदित रनिंग बॅकपाशी, म्हणजे चेंडू घेऊन धावण्याचे काम करणाऱ्या नव्या खेळाडूपाशी. हा खेळाडू नुकताच कॉलेजमधून आलेला असतो, एनएफएलचा एकही अधिकृत सामना तो खेळलेला नसतो, त्यामुळे मागील हंगामाचा आकडा हाताशी नसतो आणि बोलबाला मात्र भरपूर असतो. ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगमधले सगळे पाळीपाळीने खेळाडू निवडतात तेव्हा, अशा खेळाडूची निवड करताना तो किती देखणा धावतो याच्या आधी त्याच्या वाट्याला किती काम येणार आहे हे तपासावे, अशी माझी ठाम धारणा आहे. पुढील सर्व विवेचन त्या तपासणीच्या पद्धतीविषयी आहे.

सर्वप्रथम आपल्या लीगची गुणपद्धती वाचावी. धावून किंवा झेल घेऊन मिळवलेल्या प्रत्येक १० यार्डांना १ गुण आणि टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेण्याला) ६ गुण ही सर्वसाधारण पद्धत आहे. फरक पडतो तो झेलाच्या गुणांमुळे. काही लीगमध्ये क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलल्याबद्दल वेगळा गुण नसतो, काहींमध्ये अर्धा आणि काहींमध्ये पूर्ण एक गुण असतो. समजा, एखाद्या रनिंग बॅकने एका सामन्यात १५ वेळा धावून ६० यार्ड मिळवले आणि ५ झेल घेऊन आणखी ४० यार्ड मिळवले, तर पहिल्या पद्धतीत त्याचे १० गुण होतात आणि तिसऱ्या पद्धतीत १५. ज्या लीगमध्ये झेलाला पूर्ण गुण आहे तेथे ७ यार्डांचा एक साधा झेल १.७ गुण देऊन जातो, तर ४ यार्डांची चांगली धाव ०.४ गुणांवर थांबते. म्हणून कॉलेजमध्ये झेल घेण्याची सवय असलेला नवोदित खेळाडू अशा लीगमध्ये एक-दोन फेऱ्या वर उचलण्याजोगा असतो. २०१८ साली न्यूयॉर्क जायंट्सच्या सेक्वॉन बार्कलीने पहिल्याच हंगामात ९१ झेल घेतले. त्याच्या आदल्या वर्षी कॅरोलायनाच्या ख्रिश्चन मॅकॅफ्रीने धावून अवघे ४३५ यार्ड मिळवले होते, तरी ८० झेलांमुळे त्याला निवडणाऱ्यांचे हंगामभर नुकसान झाले नाही.

आता मुख्य प्रश्न कामाचा. त्यासाठी संघाने या खेळाडूवर किती मोलाची निवड खर्च केली, हा पहिला पुरावा मानावा. एनएफएलचा स्वतःचा ड्राफ्ट एप्रिलच्या अखेरीस होतो, त्याच्या सात फेऱ्या असतात आणि ३२ संघ आळीपाळीने खेळाडू निवडतात. पहिल्या फेरीतली निवड रनिंग बॅकवर लावणे हल्लीच्या काळात संघांना जड जाते. २०१३, २०१४, २०२२ आणि २०२४ या चार वर्षी तर पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही. त्यामुळे एखाद्या संघाने पहिल्या दहांत रनिंग बॅक घेतला, तर त्याला बसवून ठेवण्यासाठी घेतलेला नसतो. २०१६ मध्ये डॅलसने चौथ्या क्रमांकावर घेतलेल्या इझिकिएल एलियटने त्याच हंगामात १,६३१ यार्ड धावून लीगमध्ये अव्वल स्थान मिळवले. नवोदितांचा करार चार वर्षांचा असतो आणि रनिंग बॅकचे शरीर लवकर झिजते, म्हणून त्याची ताजी वर्षे वापरून घेण्याकडे संघाचा कल असतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतले खेळाडू मात्र अधिक काळजीने पाहावे लागतात, कारण खरा लाभ बहुतेकदा तेथेच दडलेला असतो. २०१७ च्या तिसऱ्या फेरीत ६७ व्या क्रमांकावर न्यू ऑर्लिन्सने ॲल्विन कमाराला आणि ८६ व्या क्रमांकावर कॅन्सस सिटीने करीम हंटला घेतले. कमारा त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला आणि हंटने १,३२७ यार्ड धावून लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. हंटच्या बाबतीत घडले ते समजून घेण्यासारखे आहे. कॅन्सस सिटीचा आधीचा मुख्य रनिंग बॅक स्पेन्सर वेअर सराव सामन्यात गुडघा दुखावून हंगामाबाहेर गेला आणि ती सगळी जबाबदारी हंटवर आली. ज्यांचा ड्राफ्ट त्या दुखापतीच्या आधी उरकला होता त्यांना तो स्वस्तात मिळाला, नंतर तो महागला. चौथ्या फेरीनंतरचे किंवा अजिबात न निवडले गेलेले खेळाडूही चमकतात. २०२० मध्ये जॅक्सनव्हिलने ऑगस्टअखेर लिओनार्ड फोर्नेटला सोडून दिल्यावर कोणीच न निवडलेला जेम्स रॉबिन्सन थेट मुख्य खेळाडू झाला आणि त्याने १,०७० यार्ड मिळवले. पण अशांसाठी फँटसी ड्राफ्टमधली शेवटची फेरी किंवा हंगामातले वेव्हर (कोणाच्याच संघात नसलेले खेळाडू मागून घेण्याची सोय) पुरे आहे. त्यांच्यावर मधल्या फेऱ्या खर्च करू नयेत.

संघाने खेळाडूचे किती मोल केले ते कळल्यानंतर त्या संघात जागा किती मोकळी आहे ते पाहावे. आमच्या लीगमध्ये कळव्याचे एक सहकारी आहेत, ते प्रत्येक नवोदित रनिंग बॅकसाठी वहीचे एक पान आखतात. पानावर तीन रकाने असतात : गेले कोण, राहिले किंवा आले कोण, आणि गोलरेषेजवळ चेंडू कोणाला मिळेल. २०२३ च्या डेट्रॉइट लायन्सचे त्यांचे पान मला फार बोलके वाटले. पहिल्या रकान्यात जमाल विल्यम्स आणि डीआंद्रे स्विफ्ट ही दोन नावे होती. विल्यम्सने आदल्या हंगामात १७ वेळा धावून टचडाउन केले होते, म्हणजे मोठीच जागा मोकळी झाली होती. दुसऱ्या रकान्यात शिकागोहून आलेला डेव्हिड मॉन्टगोमेरी होता, तो दणकट आणि अनुभवी. तिसऱ्या रकान्यातही त्यांनी मॉन्टगोमेरीचेच नाव लिहिले होते आणि खाली पेन्सिलीने नोंद होती की बाराव्या क्रमांकावर निवडलेल्या जहमीर गिब्सला झेल आणि मोकळ्या मैदानातल्या धावा मिळतील. हंगाम संपला तेव्हा मॉन्टगोमेरीच्या नावावर धावून १३ टचडाउन होते, गिब्सच्या नावावर ५२ झेल आणि धावून १० टचडाउन. पान जवळपास तंतोतंत उतरले होते. विशेष म्हणजे हे पान तयार करायला कोणतीही विकतची माहिती लागत नाही. संघांच्या अधिकृत यादीतून आणि एप्रिल-मे महिन्यांतल्या बातम्यांतून ते ठाणे-वाशी लोकलच्या प्रवासात भरता येते.

जागा वाटली जाणार असेल तर तिचे परिणाम किती काटेकोर असू शकतात, याचे उदाहरण २०२१ च्या डेन्व्हर ब्रॉन्कोजमध्ये मिळते. दुसऱ्या फेरीतला जव्हाँटे विल्यम्स सर्वांना आवडत होता आणि टॅकल, म्हणजे बचावपटूची पकड, मोडून पुढे जाण्याचे त्याचे सामर्थ्य खरोखरच विलक्षण होते. परंतु मेल्विन गॉर्डन संघात कायम होता. हंगामाअखेर दोघांनीही प्रत्येकी २०३ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली होती. विल्यम्सच्या गुणवत्तेत काही उणे नव्हते, त्याला अर्धेच काम मिळाले इतकेच. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या नाजी हॅरिसपुढे ऑफेन्सिव्ह लाइन (पुढे राहून वाट करून देणारे पाच जण) कमकुवत होती आणि त्याची सरासरी प्रत्येक धावेमागे ३.९ यार्डांवरच राहिली, पण त्याला ३०७ वेळा चेंडू मिळाला, शिवाय त्याने ७४ झेल घेतले. झेलाला पूर्ण गुण देणाऱ्या लीगमध्ये तो त्या हंगामात पहिल्या दहा रनिंग बॅकमध्ये सहज बसला. या दोघांपैकी डोळ्यांना सुखावणारा खेळ कोणाचा, यावर चर्चा जरूर करावी, पण ड्राफ्टच्या वेळी हॅरिसच्या परिस्थितीतला खेळाडू आधी घ्यावा.

तरीही मोकळी जागा पाहून डोळे झाकून उडी घेऊ नये. २०२० मध्ये कॅन्सस सिटीने पहिल्या फेरीच्या शेवटी, ३२ व्या क्रमांकावर क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरला घेतले. पुढे करोनाच्या कारणाने डेमियन विल्यम्सने हंगामातून माघार घेतली आणि फँटसी ड्राफ्टमध्ये एडवर्ड्स-हेलेअर थेट पहिल्या फेरीत जाऊ लागला. पहिल्या सामन्यात त्याने १३८ यार्ड धावून दाखवले, पण त्याच सामन्यात गोलरेषेजवळ तो पुन्हा पुन्हा अडवला गेला आणि तेथेच जाणकारांना पुढचे दिसायला हवे होते. ऑक्टोबरमध्ये संघाने लेव्हिऑन बेलला आणले. १३ सामन्यांत ८०३ यार्ड आणि धावून ४ टचडाउन, एवढ्यावर त्याचा हंगाम संपला. पॅट्रिक माहोम्ससारखा क्वार्टरबॅक असलेला संघ गोलरेषेजवळही चेंडू फेकणे पसंत करतो, ही बाब ऑगस्टमध्येही सर्वांसमोर होती.

त्याच ड्राफ्टमध्ये नऊ क्रमांक मागे, ४१ व्या स्थानी, इंडियानापोलिसने जोनाथन टेलरला घेतले होते. या दोघांची तुलना वजन आणि वेग यांच्या एका साध्या सूत्राने करता येते. पौंडांतल्या वजनाला २०० ने गुणावे आणि ४० यार्ड धावण्यास लागलेल्या सेकंदांच्या चौथ्या घाताने भागावे, म्हणजे स्पीड स्कोअर मिळतो. साधारण १०० हा आकडा मध्यम मानतात. टेलरचे वजन २२६ पौंड आणि वेळ ४.३९ सेकंद होती, त्याचा आकडा १२१ च्या पुढे जातो. एडवर्ड्स-हेलेअर २०७ पौंडांचा, वेळ ४.६० सेकंद, आकडा ९२ च्या आसपास. टेलरने त्या हंगामात १,१६९ यार्ड मिळवले. मात्र या सूत्राला शेवटचा शब्द समजू नये, कारण करीम हंटचा आकडा ९५ च्याही खाली होता. दोन खेळाडूंची परिस्थिती सारखी वाटत असेल तेव्हा कौल देण्यापुरताच त्याचा उपयोग करावा.

खेळाडूच्या पुढ्यात उभ्या असलेल्या पाच जणांकडे, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनकडे, आपल्याकडचा प्रेक्षक सहसा पाहत नाही. कबड्डीतला चढाईपटू समोरच्या अंगणात एकटा जातो आणि गुणही एकट्याच्या बळावर आणू शकतो, रनिंग बॅकला मात्र पहिल्या दोन पावलांची वाट हे पाच जण करून देतात. एलियटच्या १,६३१ यार्डांचे कौतुक करताना टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक आणि झॅक मार्टिन हे त्याच्या पुढे होते, हे लक्षात ठेवावे. या पाचांपैकी किती जण गेल्या वर्षीचेच आहेत आणि कोणी दुखापतग्रस्त आहे का, एवढे पाहिले तरी पुरते.

ऑगस्टमधल्या सराव सामन्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तेथे सर्वाधिक माहिती मिळते आणि सर्वाधिक दिशाभूलही होते. शेवटच्या पंधरा मिनिटांत एखादा नवोदित ६० यार्ड धावत सुटतो आणि त्याची चित्रफीत दिवसभर फिरते. त्या वेळी त्याच्यासमोर असलेले बहुतेक बचावपटू महिन्याच्या शेवटी संघ ५३ जणांवर आणले जातात तेव्हा बाहेर पडणार असतात. म्हणून ती चित्रफीत सोडून द्यावी आणि सामन्याची सुरुवात पाहावी. पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक मैदानात असताना त्याच्या बाजूला कोण उभा आहे? चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचे असते, त्यांतल्या तिसऱ्या प्रयत्नाला ७ यार्ड हवे असतील तेव्हा आपला नवोदित आत राहतो की बाहेर बोलावला जातो? त्या क्षणी चेंडूकडे पाहू नये, त्याच्या पायांकडे पाहावे. बचावपटू आडवाटेने क्वार्टरबॅकवर धावून येतो, तेव्हा नवोदित त्याला ओळखून एक पाऊल आत सरकतो आणि छातीने अडवतो का, की उशिरा वळून नुसता खांद्याला लागतो? प्रशिक्षकांचा क्वार्टरबॅकवर मोठा पैसा लागलेला असतो, त्यामुळे ही अडवणूक जमेपर्यंत अत्यंत वेगवान नवोदितालाही तिसऱ्या प्रयत्नाला बसवले जाते, आणि झेलांचे गुण नेमके तेथेच हातचे जातात. त्यानंतर गोलरेषेजवळचे दोन यार्ड कोणाला मिळतात ते पाहावे. आणखी एक खूण अशी की नामांकित खेळाडूंबरोबर आपला नवोदितही सराव सामन्यात विश्रांती घेत असेल, तर संघाने त्याला मुख्य खेळाडू ठरवले आहे असे खुशाल समजावे.

दुखापतींच्या बाबतीत मी कठोर राहण्याचा सल्ला देतो. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी गुडघ्याचे अस्थिबंध फाटलेला टॉड गर्ली २०१५ मध्ये पहिले दोन सामने मुकला आणि तरी १,१०६ यार्ड मिळवून गेला, हे खरे. पण २०२४ मध्ये त्या वर्षीचा सर्वांत आधी निवडला गेलेला रनिंग बॅक जोनाथन ब्रुक्स तशाच दुखापतीतून सावरत आला, तीनच सामने खेळला आणि डिसेंबरमध्ये तोच गुडघा पुन्हा दुखावून बसला. एका वर्षाच्या लीगमध्ये अशा खेळाडूची जागा शेवटच्या फेऱ्यांत आहे. आपल्या लीगच्या चालकांना ड्राफ्ट सराव सामने संपल्यानंतर ठेवण्याची विनंती आवर्जून करावी. २०२१ मध्ये ट्रॅव्हिस एटिएनचे पाऊल सराव सामन्यात दुखावले आणि त्याचा अख्खा हंगाम गेला, तेव्हा ज्यांनी घाई केली होती त्यांची निवड फुकट गेली.

आता किंमत. बारा जणांच्या, नागमोडी क्रमाच्या (दर फेरीला पाळ्यांचा क्रम उलटतो अशा) ड्राफ्टमध्ये तुमची पाळी पाचवी असेल, तर तुम्ही ५, २०, २९ आणि ४४ या क्रमांकांवर निवड करता. २९ आणि ४४ यांच्या मध्ये इतरांच्या चौदा निवडी होतात, आणि मनात धरलेला नवोदित त्या चौदांत जाईल की उरेल, हा निर्णय २९ व्या निवडीलाच घ्यावा लागतो. प्रत्येक संकेतस्थळावर खेळाडूचा सरासरी निवड क्रमांक दिलेला असतो. तो ३५ च्या आसपास असेल आणि वर सांगितलेल्या तपासण्यांत तो उतरला असेल, तर २९ वर घ्यावा. तो ४८ च्या पुढे असेल, तर थांबावे. मात्र त्याआधी तुमच्या संघात एक सिद्ध झालेला रनिंग बॅक असलाच पाहिजे. नवोदिताला दुसरा किंवा तिसरा रनिंग बॅक म्हणून घेतले, तर सप्टेंबरमध्ये त्याला वाट पाहण्याची मुभा देता येते. पहिला म्हणून घेतले, तर पहिल्याच आठवड्यापासून त्याला खेळवावे लागते, आणि ते त्याच्याही क्षमतेला न्याय देणारे नसते. खेळाडू वर्षानुवर्षे आपल्याकडेच राहतात अशा डायनेस्टी लीगमध्ये हे गणित बदलते. तेथे एकवीस-बावीस वर्षांच्या खेळाडूची पुढची चार वर्षे आपल्याला मिळतात, म्हणून या वर्षी जागा अर्धीच मोकळी असली तरी गुणवत्तेला अधिक वजन द्यावे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी रात्री ८ वाजता ठेवलेला ड्राफ्ट आपल्याकडे रविवारी पहाटे ५:३० वाजता सुरू होतो, आणि पुष्कळदा ते दिवस गणपतीच्या तयारीचे असतात. आदल्या रात्रीच आपली यादी संकेतस्थळावर क्रमाने भरून ठेवावी, म्हणजे घरातल्या कामासाठी उठावे लागले तरी निवड यंत्राच्या मर्जीवर जात नाही. पैसे लावण्याचा प्रस्ताव आल्यास नम्रपणे नकार द्यावा, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने आपल्या देशात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई आहे. विनाशुल्क लीगमध्ये खेळाची गोडी तिळमात्र कमी होत नाही.

निवड झाल्यावरचे काम संयमाचे आहे. नवोदित रनिंग बॅकचा आलेख बऱ्याचदा ऑक्टोबरनंतर चढतो. २०२३ मध्ये गिब्स सुरुवातीच्या आठवड्यांत मॉन्टगोमेरीच्या मागे होता आणि अनेकांनी वैतागून त्याला अदलाबदलीत दिले. ऑक्टोबरच्या मध्यात मॉन्टगोमेरीच्या बरगडीला मार बसला, आणि आपल्याकडे मंगळवारी पहाटे सुरू झालेल्या लास व्हेगस रेडर्सविरुद्धच्या सामन्यात गिब्सने १५२ यार्ड धावून दाखवले. २०२४ मध्ये टॅम्पा बेचा चौथ्या फेरीतला बकी अर्व्हिंग रशाद व्हाइटच्या मागून सुरुवात करून हंगामाअखेर १,१२२ यार्डांवर पोचला. म्हणून पहिल्या चार आठवड्यांत गुणांकडे फारसे पाहू नये, तो मैदानावर संघाच्या किती टक्के चालींना होता ते पाहावे. हा आकडा आठवड्यागणिक वाढत असेल, तर गुण कमी असतानाही त्याला धरून ठेवावे, आणि दुसरा कोणी त्याला सोडत असेल तर आपण मागून घ्यावे.

रविवारचे पहिले सामने आपल्याकडे रात्री १०:३० वाजता सुरू होतात, नोव्हेंबरच्या आरंभी अमेरिकेतली घड्याळे मागे गेल्यावर ११:३० वाजता. न खेळणाऱ्यांची यादी सामन्याच्या दीड तास आधी, म्हणजे ९ किंवा १० वाजता जाहीर होते. जेवण झाल्यावर तेवढी यादी पाहून आपला संघ निश्चित करावा. ज्या नवोदिताचा मैदानावरचा वाटा पाचव्या आठवड्यापर्यंत तिळभरही वाढलेला नाही, ज्याच्या पुढचा अनुभवी खेळाडू ठणठणीत आहे आणि जो तिसऱ्या प्रयत्नाला अजूनही बाहेर बसतो आहे, त्याला मात्र सोडावे आणि ती जागा वेव्हरवरून येणाऱ्या पुढच्या नावासाठी मोकळी करावी.